जुन्या वाड्याच्या तळघरात लाइट फिटिंग करताय? नुसत्या एमसीबीच्या भरवशावर राहू नका

लातूर / नांदेड : औसा, निलंगा, उदगीर, कंधार, मुखेड, देगलूर या पट्ट्यातल्या जुन्या गावांत दगडमातीचे वाडे आणि गढ्या अजून उभ्या आहेत. बऱ्याच वाड्यांच्या पोटात तळघर आहे. कुठं धान्याचं बळद आहे, कुठं अंगणात बुजवलेलं पेव आहे. पेवात ज्वारी भरायचे दिवस गेले, पण तळघराची जागा वाया जाऊ द्यायला कुणाचा जीव होत नाही. मग डागडुजी निघते. कुणाला सोयाबीनचं घरचं बियाणं ठेवायचं असतं, कुणाला हळदीची पोती, कुणाला पोरांच्या अभ्यासासाठी गार खोली, तर कुणाला एप्रिल-मेच्या दुपारी आडवं व्हायला जागा. गिलावा होतो, शहाबादी फरशी बसते आणि सगळ्यात शेवटी लाइट फिटिंगवाल्याला बोलावणं जातं. त्याला सांगायचं एवढंच असतं, "दोन बल्ब, एक पंखा आणि एक प्लग काढ."

वरच्या खोलीत एवढं सांगून भागतं. तळघरात भागत नाही. तिथं भिंतीला ओल असते, पायाखाली थेट जमीन असते, बाहेर पडायला एकच अरुंद जिना असतो आणि लाइट गेली की दुपारी बारालाही अंधार. ओल्या जमिनीवर उघड्या पायानं उभ्या असलेल्या माणसाला करंट जेवढा सहज धरतो, तेवढा माडीवर प्लॅस्टिकच्या चपला घातलेल्याला धरत नाही. म्हणून खाली वायरिंग करताना काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्या गिलाव्याच्या आधी ठरवाव्या लागतात.

एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही

गावाकडं एक समज पक्का आहे. बोर्डाजवळ एमसीबी बसवली म्हणजे शॉकची भीती गेली. हा समज खोटा आहे, आणि हिशेब मांडला की लगेच कळतं.

घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध साधारण १,००० ओहम धरला, तर त्याच्या अंगातून जाणारा करंट होतो ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर. दहा मिलीअँपिअरच्या पुढं गेलं की हाताची मूठ आवळली जाते आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तीस-पन्नासच्या पुढचा करंट काही वेळ छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आता १६ अँपिअरची एमसीबी बघा. ती १६ अँपिअरपर्यंत जागची हलत नाही, कारण तेवढा करंट वाहू देण्यासाठीच ती बनवलेली आहे. तिच्या लेखी ०.२३ अँपिअर म्हणजे एखादा पन्नास वॅटचा बल्ब लागल्यासारखं. माणूस चिकटलेला असतो आणि एमसीबी शांत असते. ती बिघडलेली नसते, तिचं कामच वेगळं आहे. लोड जास्त झाला किंवा फेज-न्यूट्रल भिडले तर वायर जळू नये, एवढ्यासाठी ती असते.

"पण अर्थिंग केलंय की," असं पुढचं उत्तर येतं. अर्थिंग हवंच. पण मराठवाड्यातल्या जमिनीत एकट्या अर्थिंगवर विसंबता येत नाही, त्याचाही हिशेब आहे. समजा कूलरच्या पत्र्याला फेज लागली. तो करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जाणार. खड्ड्याचा विरोध २० ओहम असेल तर जाणारा करंट ११.५ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी यावरही पडत नाही. कूलरचा पत्रा तसाच करंट धरून राहतो. घरात सर्रास लागणारी सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडल्याशिवाय राहू नये असं वाटत असेल तर १६० अँपिअर लागतात, म्हणजे त्या सगळ्या वाटेचा विरोध दीड ओहमच्या आत पाहिजे. खेड्यातल्या घरामागं ठोकलेला एक पाइप हे करू शकत नाही.

आपल्या काळ्या मातीचा आणखी एक गुण आहे, तो शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि करंटही चांगला वाहून नेते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थच्या पाइपला चिकटलेली माती त्याला सोडून देते. खाली मुरूम आणि काळा पाषाण. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा साली जमिनीत पाच-सात फुटांवर किती ओल राहिली असेल याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. श्रावणात चांगला असलेला अर्थ वैशाखात कामाचा राहत नाही, आणि कूलर चालतो तो वैशाखातच.

मग माणूस वाचवतं काय

आरसीसीबी. दुकानात आणि कारागिरांच्या तोंडी अजून जुनं नाव चालतं, ईएलसीबी. दिसायला एमसीबीसारखीच, थोडी रुंद, आणि तोंडावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण. तिचं काम सोपं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत मोजते. मधे कुठं गळती झाली, म्हणजे माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून करंट जमिनीत गेला, तर फरक पडतो आणि ती पडते. घरासाठी ती ३० मिलीअँपिअरची घ्यायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा आहे. एवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ती तोडते, गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर.

मघाचाच कूलर आता आरसीसीबीवर लावून बघा. अर्थिंग पार सुकून विरोध ५०० ओहम झाला, तरी ०.४६ अँपिअर जमिनीत जातो. म्हणजे ४६० मिलीअँपिअर, तिच्या मर्यादेच्या पंधरा पट. ती पडणारच. आपल्याकडच्या कोरड्या जमिनीला म्हणूनच ती चालते.

तिच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तिला तो बल्बच वाटतो, ती पडत नाही. जास्त लोडलाही ती पडत नाही, म्हणून एमसीबी काढून तिच्या जागी ही बसवायची नाही, दोन्ही लागतात. दोन्ही कामं एकात करणारी आरसीबीओही मिळते. दोन पोलची चांगल्या कंपनीची आरसीसीबी साधारण दोन-अडीच हजारांच्या आसपास पडते, कंपनी आणि रेटिंगप्रमाणं कमी-जास्त. फरशीच्या पॉलिशवर याच्या कितीतरी पट खर्च होतो.

खरेदी करताना १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा तुकडा गळ्यात मारला जात नाही ना, हे तोंडावर वाचून घ्यायचं. तो मोठ्या कामासाठी असतो. आग लागू नये म्हणून ठीक, माणसाला वाचवायला नाही.

"ते सारखं पडतंय" म्हणून काढून टाकलेली पेटी

बऱ्याच घरांत आरसीसीबी बसवलेली असते आणि दोन पावसाळ्यांत काढूनही टाकलेली असते. कारण विचारलं तर एकच, ती सारखी पडते. पाहुणे आले, लाइट गेली, मिक्सर लावला, लाइट गेली. कंटाळून कारागीर वायर सरळ जोडून देतो.

ती उगाच पडत नाही. खेड्यात तिची कारणं ठरलेली आहेत. एक म्हणजे न्यूट्रलचा गोंधळ. दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि महावितरणचा न्यूट्रल कुठंतरी भिडवलेला असतो. दुसरं, ओल. जिथं जोड उघडा पडलाय तिथून भिंतीत करंट झिरपत असतो. तिसरं कारण मात्र सगळ्यात वाईट. न्यूट्रल तुटला किंवा कमजोर पडला की जमिनीत सळई ठोकून तिच्यावर बल्ब, पंखा चालवायचा प्रकार. गावात हे इतकं सवयीचं झालंय की त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्या सळईजवळची जमीन, तिला जोडलेली वायर आणि त्या वायरीला भिडलेला प्रत्येक पत्रा करंट धरू शकतो. आरसीसीबी हा प्रकार चालूच देत नाही. मग दोष तिच्यावर येतो.

याच्या उलटा जुगाडही आहे. अर्थिंगचा खड्डा खणायचा खर्च नको म्हणून बोर्डातच थ्री पिनच्या मोठ्या भोकाला न्यूट्रलमधून तुकडा जोडून देतात. टेस्टर लावला तर काही कळत नाही, कूलरही मस्त चालतो. पण ज्या दिवशी खांबावरचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी फेज बल्बातून, पंख्यातून फिरून न्यूट्रलवर येते आणि तिथून थेट कूलरच्या, फ्रिजच्या पत्र्यावर. वादळात न्यूट्रल तुटणं आपल्याकडं नवीन नाही. डागडुजीत जुना बोर्ड उघडला की आधी हा तुकडा आहे का ते बघायचं.

आरसीसीबी पडत असेल तर शोधायची रीत अशी. सगळ्या एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करायची, मग एकेक एमसीबी चढवत जायची. जिच्यावर पडली तिच्या लाइनमध्ये दोष. एमसीबी एकाच पोलची असेल आणि दोष न्यूट्रलमध्ये असेल तर या रीतीनं सापडत नाही. तेव्हा त्या लाइनचा न्यूट्रलही पट्टीवरून सोडवून बघावा लागतो. ते काम जाणकारानंच करायचं. तळघरासाठी आरसीसीबी स्वतंत्र ठेवली तर खालच्या ओलीपायी वरचं अख्खं घर अंधारात जात नाही, आणि ती काढून टाकायचा मोहही होत नाही.

भिंत फोडायच्या आधी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते या दोन जिल्ह्यांत सांगावं लागत नाही. त्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर पडून. त्या भिंती बाहेरून दोन-अडीच फूट रुंद आणि मजबूत दिसायच्या. प्रत्यक्षात आत एक थर, बाहेर एक थर, मधे माती आणि बारीक दगड, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांना सोडून पडले.

आज डागडुजी होणारे बरेच वाडे याच पद्धतीचे आहेत. अशा भिंतीत कटर आणि हातोडा घेऊन झिरी मारायची म्हणजे धरून ठेवलेले दगड ढिले करायचे. आडवी लांब झिरी तर अजिबात नको. विटांच्या भिंतीलासुद्धा मानक असं आहे की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको आणि आडवी एक षष्ठांशाहून. दगडमातीला ते मापही लावू नये. तळघराच्या भिंतीवर तर वरचा सगळा वाडा उभा असतो.

म्हणून इथं उघडं वायरिंगच बरं. दिसायला जुनाट वाटतं, घरातली पोरं नाकं मुरडतात, पण कन्सिल्डचा हट्ट तळघरात धरू नये. जाड पीव्हीसी पाइप भिंतीपासून थोडा अंतर सोडून क्लिपांवर बसवायचा, म्हणजे भिंतीची ओल पाइपाला लागत नाही. दोष निघाला तर पाइप उघडून बघता येतो, गिलावा फोडावा लागत नाही. केसिंग पट्टी मात्र खाली टाळलेली बरी. तिच्यात ओल शिरते आणि धान्य ठेवलं की उंदीर येतात, ते पट्टी कुरतडतात. उंदरांचा फारच त्रास असेल तर लोखंडी पाइप वापरतात, पण मग त्या पाइपालाही अर्थ जोडायलाच पाहिजे.

ओलीचं काम वायरिंगच्या आधी. भिंतीला पांढरा लोणा फुटलेला असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा मारून ओल जात नाही, ती आत कोंडते आणि वरच्या बाजूनं बाहेर पडते, नेमकी बोर्डाच्या उंचीवर. अंगणातलं पाणी, न्हाणीचं पाणी, पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब काढणं हा अर्धा इलाज आहे. जमलं तर एक पावसाळा जाऊ द्यावा, ओल कुठपर्यंत चढते त्याची खूण खडूनं करावी आणि बोर्ड त्या खुणेच्या वर घ्यावेत.

जुनं पेव किंवा वर्षानुवर्षं बंद असलेलं बळद उघडून तिथं वायर न्यायची असेल तर आणखी एक खबरदारी. अशा जागेत हवा कोंडलेली असते, ऑक्सिजन कमी असू शकतो. तोंड उघडून एक-दोन दिवस हवा खेळू द्यायची. जुनी माणसं आधी कंदील खाली सोडून बघायची. कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरंच, पण तो पेटता राहिला म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही. एकट्यानं उतरू नये, वर माणूस पाहिजे.

वायर, बोर्ड, दिवे

खालच्या खोलीचा मेन आणि आरसीसीबी खाली ठेवायची नाही. ती वर, जिन्याच्या तोंडाशी, कोरड्या जागी. पाणी शिरलं तर न उतरता बंद करता आली पाहिजे. जिन्याच्या दिव्याला दोन-वे बटण घ्यायचं, वर एक आणि खाली एक.

वायर तांब्याची, आयएसआय चिन्हाची. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, मोठ्या एसीला किंवा गीझरला चार. एका दिव्याच्या सर्किटवर दहाहून जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटहून जास्त लोड घ्यायचा नाही, आणि १६ अँपिअरच्या सर्किटवर दोनच प्लग. रंग बदलायचे नाहीत. फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. लाल संपली म्हणून हिरवी फेजला वापरली, असं एकदा झालं की दहा वर्षांनी येणारा दुसरा कारागीर त्या वायरीला बिनघोर हात लावतो.

जुनं लाकडी पट्टीवरचं वायरिंग असेल तर त्याला नवीन वायर जोडून पुढं नेऊ नये. ते बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून टेप मारली की ओलीत तो जोड खराब होतो, गरम होतो. वरच्या मेनपासून खालपर्यंत नवीन लाइन ओढायची आणि मधे जोड ठेवायचाच नाही.

दिवे आणि बटणं पाणी-धूळरोधक घ्यायची. डब्यावर आयपी आणि त्यापुढं दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. तळघराला आयपी ६५ चा बंद दिवा चांगला. जिथं भिंत कायमच पाझरते तिथं २३० व्होल्ट न्यायचाच कशाला? २४ व्होल्टचे एलईडी दिवे मिळतात. त्याचा अ‍ॅडाप्टर वर कोरड्यात ठेवायचा आणि खाली फक्त २४ व्होल्ट सोडायचे. अभ्यासाला नाही पण पोती काढ-घाल करायला तेवढा उजेड भरपूर होतो.

इन्व्हर्टरची बॅटरी जागा वाचते म्हणून तळघरात ढकलायची पद्धत पडली आहे. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. बंद जागेत तो साचला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. बॅटरी वर, हवेशीर जागी.

धान्य आणि बियाणं ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कारागीर सहसा सांगत नाहीत. किडीसाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो माणसाला जीवघेणा आहे, राहत्या घरात अशा गोळ्या वापरायच्याच नसतात. पण तो तांब्यालाही खातो. ज्या बंद खोलीत या गोळ्या वापरल्या तिथले स्विचचे पॉइंट, वायरीची उघडी टोकं काळी पडून सैल होतात. असं तळघर विकत घेतलं किंवा भावकीच्या वाटणीत आलं असेल तर सगळे बोर्ड उघडून बघितलेले बरे.

खड्डा कसा असावा

अर्थिंग दुय्यम झालं असं नाही. आरसीसीबीच्या जोडीला ते लागतंच, कारण पत्र्यावर आलेला करंट माणसाचा हात लागण्याआधीच जमिनीत गेला तर ती आधीच पडते.

भारतीय मानकाप्रमाणं जीआय पाइप किमान अडीच मीटर लांब आणि आतून ३८ मिलिमीटर रुंद पाहिजे. तीन फुटांचा सळईचा तुकडा म्हणजे अर्थिंग नव्हे. भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळ्याचं तोंड आणि झाकण. खाली पाषाण लागला आणि अडीच मीटर जाता येईना, तर जास्त अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडायचे. वाड्यात न्हाणीचं पाणी ज्या बाजूला मुरतं ती बाजू चांगली, फक्त ती तळघराच्या भिंतीलगत नको. होळी झाली की दर आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी त्या तोंडात ओतायचं. घरातल्या एखाद्याकडं हे काम नेमून दिलं नाही तर कुणीच करत नाही.

पाणी शिरलं तर

दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगर भागात एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी मेले. लातूर आणि नांदेड ही तर क्लासेसची गावं. नव्या इमारतींच्या तळघरात अभ्यासिका चालवायच्या आधी मालकानं नगरपालिकेची किंवा महापालिकेची परवानगी कशाला आहे ते बघायला पाहिजे; राज्याच्या बांधकाम नियमावलीत तळघर मुख्यतः वाहनं, साठवण आणि यंत्रसामग्रीसाठी धरलेलं आहे. घरगुती मीटरवर क्लास किंवा दुकान चालवता येतं की त्याला व्यापारी जोडणी लागते, तेही आधी विचारून घ्यावं.

खेड्यातल्या वाड्यालाही पाण्याची भीती आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव भागात रातोरात घरांत पाणी शिरलं होतं. अशा वेळी पोती वाचवायला माणूस पहिल्यांदा तळघराकडं धावतो. उतरायच्या आधी वरचा मेन बंद करायचा आणि इन्व्हर्टरही बंद करायचा. हे दुसरं बरेच जण विसरतात. महावितरणची लाइट गेलेली असते म्हणून धोका नाही असं वाटतं, आणि इन्व्हर्टर खालच्या प्लगला २३० व्होल्ट देतच राहतो. मेनपर्यंत जायलाच पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नये, १९१२ वर किंवा गावच्या लाइनमनला सांगून खांबावरूनच लाइन बंद करून घ्यावी.

कुणी चिकटलंच तर हात लावायचा नाही. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं त्याला किंवा वायरीला बाजूला करायचं, १०८ ला फोन लावायचा, आणि श्वास बंद असेल तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहायचं. पाणी ओसरल्यावर बोर्ड उन्हात वाळवून लगेच चालू करू नयेत. भिजलेल्या एमसीबी, आरसीसीबी बदलायच्या आणि वायरिंग मेगरनं तपासूनच चालू करायचं.

काम कुणाला द्यायचं आणि पैसे कधी

आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेली पोरं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. पण घराचं वायरिंग कायद्यानं परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच व्हायला पाहिजे. परवाना दाखवा म्हणायला लाजायचं कारण नाही. लोड वाढवायचा असेल तर महावितरणकडं अर्ज करताना याच ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तळघरात एसी, गीझर, पाणी उपसायची मोटर येणार असेल तर मंजूर लोड आधीच वाढवून घ्यावा.

ठरवतानाच दोन चाचण्या सांगून ठेवायच्या. पहिली मेगरची. ५०० व्होल्टचा मेगर लावून वायर आणि अर्थमधला विरोध किमान एक मेगाओहम भरला पाहिजे. दुसरी अर्थिंगच्या विरोधाची. यात आपल्या हवामानाची एक गोम आहे. काम बहुतेक उन्हाळ्यात होतं, तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि मेगर छान आकडा दाखवतो. पावसाळ्यात मोजलं तर अर्थिंग छान दिसतं. दोन्ही आकडे फसवे. वायरिंग तपासायचं ते भाद्रपदात, भिंती पाणी प्यायलेल्या असताना, आणि अर्थिंग मोजायचं ते मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी.

आरसीसीबीचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पडली तर ठीक, नाही पडली तर ती पेटी बदलायची. बटण दाबलं की कोणत्या खोल्यांची लाइट जाते ते एका कागदावर लिहून मेनच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावं. त्याच कागदावर मेगरचा आकडा, अर्थिंगचा आकडा, तारीख आणि ठेकेदाराचा परवाना क्रमांक.

मजुरीचा शेवटचा हप्ता भाद्रपदातल्या मेगरपर्यंत हातात ठेवायचा, आणि हे काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्यायचं. नंतर सांगितलं तर भांडण होतं.